वनतळ्याचा मातीचा बांध : रचना, राखण आणि जबाबदारी

डोंगरउतारावरून उतरणाऱ्या ओढ्याच्या वाटेत मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडविले आणि ते शेतीला अथवा नळाला न देता रानातील पशुपक्ष्यांसाठी राखून ठेवले, की त्या साठ्यास वनतळे म्हणतात. उन्हाळ्यात टँकरने भरल्या जाणाऱ्या सिमेंटच्या पाणवठ्याहून वनतळे मूलतः निराळे असते. पाणवठा जनावराची तहान भागवतो; वनतळे तहान भागवतेच, शिवाय बेडूक, मासे, चतुर, पाणवनस्पती आणि पाणपक्षी यांना आसरा देते. मात्र हा सारा संसार मातीच्या एका ढिगाच्या भरवशावर उभा असतो. तो ढीग शास्त्राने रचला आणि दरवर्षी राखला तर पिढ्यान् पिढ्या टिकतो; दुर्लक्ष झाले तर एका रात्रीच्या पावसात वाहून जातो आणि जाताना खालच्या वस्तीलाही धोक्यात घालतो.

माळव्याच्या कडेवरील सिमरोल

मध्य प्रदेशातील सिमरोल हे गाव इंदूरपासून सुमारे २५ किलोमीटर दक्षिणेस, इंदूर–खंडवा मार्गावर आहे. आयआयटी इंदूरच्या वसाहतीमुळे अलीकडे त्याचे नाव सर्वत्र पोहोचले. भूगोलाच्या दृष्टीने मात्र या गावाचे महत्त्व निराळे आहे. माळव्याचे पठार येथे संपत येते आणि विंध्याचा उतार सुरू होतो. उत्तरेकडे वाहणारे पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना असा प्रवास करीत गंगेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. दक्षिणेकडे उतरणारे पाणी चोरल नदीतून नर्मदेला आणि तेथून अरबी समुद्राला जाते. पाताळपाणीचा प्रसिद्ध धबधबा याच चोरल नदीवर आहे.

अशा जलविभाजकाजवळच्या प्रदेशात पाऊस पुरेसा पडतो, पण पाणी थांबत नाही. इंदूर परिसरात वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरचे ओढे दिवाळीनंतर आटू लागतात. साग, पळस, धावडा यांचे हे पानगळीचे रान मार्चपासून उघडे पडते. बिबट्या, तरस, कोल्हा, नीलगाय, रानडुक्कर आणि मोर यांना मग पाण्यासाठी रान सोडून गावाच्या विहिरीकडे, शेताकडे आणि रस्त्याकडे यावे लागते. माणूस आणि वन्यप्राणी यांच्या संघर्षाचे एक मोठे कारण येथेच आहे. रानातले पाणी रानात थांबविणे हा त्यावरचा जुना आणि तुलनेने स्वस्त उपाय होय.

या भागाला निसर्गाने एक अनुकूलताही दिली आहे. माळव्याची जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे. त्या खडकाची झीज होऊन तयार झालेली काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, आणि तिच्या खालचा मुरूम बांधाच्या बाह्य आवरणाला उपयोगी पडतो. बांधासाठी लागणाऱ्या दोन्ही प्रकारच्या माती जवळच मिळतात.

मातीच्या बांधाची परंपरा

माळव्याला मातीचे बांध नवे नाहीत. भोपाळचा मोठा तलाव परमार राजा भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर मातीचा बांध घालून निर्माण केला, असे परंपरा सांगते. लहान तलावासह तो २००२ मध्ये ‘भोज पाणथळ’ या नावाने रामसर यादीत समाविष्ट झाला. इंदूर शहराच्या कडेचा सिरपूर तलाव होळकर राजवटीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधला गेला, तर गंभीर नदीवरील यशवंत सागर हाही होळकर काळाचाच वारसा. यशवंत सागर हे मध्य भारतातील सारस पक्ष्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान मानले जाते. मनुष्यनिर्मित असूनही हे दोन्ही जलाशय २०२२ मध्ये रामसर यादीत आले.

मराठी मुलखातील ठळक उदाहरण पूर्व विदर्भातील आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या भागांत कोहळी समाजाने मातीचे बांध घालून हजारो तलाव उभारले. पुढे ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. नवेगाव बांध येथील तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, अशी नोंद सांगितली जाते. भाताच्या शेतीसाठी अडविलेल्या त्या पाण्याभोवतीच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव उद्यानही असेच. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजांनी घातलेल्या अजान बांधाच्या पाण्यावर ते पोसले गेले आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले.

गोमंतकीय वाचकाला मातीचा बांध परका नाही. खाजन शेतीचे बांध आणि त्यातील मानस, म्हणजे भरती-ओहोटीच्या दाबाने मिटणारी व उघडणारी लाकडी दारे, ही या भूमीची शतकांची विद्या आहे. जुने गोवेजवळील करमळीचे तळे आणि कुडचडे येथील नंदा तळे ही दोन्ही भातशेतीशी जोडलेली पाण्याची ठिकाणे आहेत. आज त्यांची ओळख पक्ष्यांमुळे अधिक आहे. सुमारे ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. शेतीसाठी अडविलेले पाणी वन्यजीवांनी आपलेसे केल्याची ही उदाहरणे होत. वनतळ्यात उद्देश पहिल्यापासूनच वन्यजीवांचा असतो, आणि म्हणून त्याची आखणीही थोडी वेगळी करावी लागते.

जागा आणि पाण्याचे गणित

वनतळ्याची जागा तीन गोष्टी पाहून ठरते : ओढ्याचे पात्र अरुंद असावे, त्याच्या वरच्या अंगाला बशीसारखा खोलगट भाग असावा आणि सांडव्यासाठी एका बाजूला पक्की जमीन असावी. पात्र अरुंद असले की माती कमी लागते; खोलगट भागामुळे थोड्या उंचीत अधिक पाणी साठते; आणि पक्क्या जमिनीवरून जादा पाणी बांधाला धक्का न लावता निघून जाते.

सिमरोलसारख्या पर्जन्यमानात हे गणित कसे बसते, ते एका ढोबळ उदाहरणाने समजून घेता येईल. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० घनमीटर पाणी मिळते. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र २० हेक्टर असेल, तर ९५० मिलिमीटर पावसात त्यावर १ लाख ९० हजार घनमीटर पाणी पडते. त्यातील १५ टक्के पाणी वाहून ओढ्यात आले असे धरले, तर २८,५०० घनमीटर पाणी उपलब्ध होते. एक हेक्टर पसरटीच्या आणि मध्यभागी तीन मीटर खोलीच्या तळ्यात, बशीसारखा आकार लक्षात घेता, सुमारे १२ हजार घनमीटर पाणी मावते. म्हणजे निम्म्या पावसाच्या वर्षीही तळे जवळपास भरते, आणि चांगल्या वर्षी निम्म्याहून अधिक पाणी ओढ्याने पुढे जाते. हे पुढे जाणारे पाणी वाया गेले असे समजू नये. खालच्या ओढ्याचा, विहिरींचा आणि नदीचा तो हक्क आहे.

खोली तीन मीटर कशासाठी, याचे उत्तर उन्हाळा देतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे २३० दिवस पाण्यावर ऊन तापते. दिवसाला सरासरी सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले तरी जवळपास १.४ मीटर पाणी नुसते उडून जाते. तळातून झिरपणारे पाणी वेगळे. दीड मीटर खोलीचे तळे म्हणूनच एप्रिलमध्येच कोरडे पडते, आणि नेमक्या त्याच वेळी जनावराला पाण्याची सर्वाधिक निकड असते.

बांधाची अंगे

मातीचा बांध म्हणजे मातीची भिंत नव्हे. त्याचा छेद समलंब चौकोनासारखा, पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असतो. त्याचे बळ चिकटपणात कमी आणि वजनात अधिक असते.

बांधकामाचा आरंभ जमिनीखाली होतो. बांधाच्या मध्यरेषेवर पाणी न झिरपणारा थर लागेपर्यंत चर खणून त्यात चिकण माती ठासून भरतात. हा चर नसेल तर पाणी बांधाखालून वाट काढते. पायाच्या जागेवरील गवत, मुळे आणि सैल माती आधी काढावी लागते. मातीत राहिलेले झाडाचे खोड कुजून पोकळी निर्माण करते.

चरावर चिकण मातीचा गाभा उभा राहतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचे आवरण येते. काळी माती पाणी अडवते खरी, पण उन्हात वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून ती उघडी ठेवीत नाहीत. मुरमाच्या पोटात झाकून ठेवतात. माती १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, प्रत्येक थर ओलसर करून धुम्मसाने अथवा रोलरने दाबावा लागतो. ओलाव्याची जुनी परीक्षा सोपी आहे : मूठभर माती दाबली असता तिचा गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये.

लहान बांधासाठी पाण्याकडचा उतार साधारणपणे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवा आणि कोरड्या बाजूचा दोन ते अडीच मीटर आडवा ठेवतात. माथा दोन-तीन मीटर रुंद असतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगडी अस्तर लावतात. कोरड्या उतारावर गवत वाढवतात. भराव पुढे काही वर्षे बसत जातो, म्हणून उंची थोडी जास्त ठेवतात. तसेच पाण्याच्या कमाल पातळीवर जवळपास एक मीटर मोकळी उंची राखतात.

सांडवा

मातीच्या बांधावरून पाणी वाहू देणे म्हणजे बांध घालविणे. दगडी बंधाऱ्यावरून पूर जाऊ शकतो. मातीवरून गेला तर तो काही तासांत खिंडार पाडतो. म्हणून सांडवा हे मातीच्या बांधाचे सर्वांत महत्त्वाचे अंग ठरते.

वरच्याच उदाहरणात, तळे काठोकाठ भरलेले असताना तासाभरात ७५ मिलिमीटर पाऊस झाला, तर २० हेक्टरांवर १५ हजार घनमीटर पाणी पडेल. त्यातील निम्मे लगेच वाहून आले तरी दर सेकंदाला सुमारे दोन घनमीटर पाणी सांडव्यातून निघायला हवे. त्यासाठी ३० सेंटिमीटर जाडीचा प्रवाह धरल्यास सात-आठ मीटर रुंदीचा सांडवा लागतो. प्रत्यक्षात खर्च वाचविण्यासाठी पहिली कात्री याच रुंदीला लागते. पुढे सांडव्यात झुडपे वाढतात, कोणी अधिक पाणी साठावे म्हणून त्यात दगड रचतो, आणि गणित मोडते.

बांध का फुटतो

मातीचे बांध मुख्यतः दोन कारणांनी फुटतात : पाणी माथ्यावरून गेल्याने किंवा बांधाच्या पोटातून माती वाहून गेल्याने. दुसरे कारण अधिक फसवे आहे. प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर स्वच्छ असेल तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. पाझर गढूळ झाला, तर पाणी आपल्यासोबत बांधाची माती नेत आहे आणि पोटात नळी तयार होत आहे, असे समजावे. त्या क्षणी तळ्याची पातळी उतरविणे आणि खालच्या वस्तीला सावध करणे हीच दोन कामे उरतात.

अशा नळ्यांची सुरुवात लहान गोष्टींतून होते. खेकडे, उंदीर आणि साळिंदर यांची बिळे, वाळवीच्या पोकळ्या, बांधावर उगवलेल्या वडा-पिंपळाची मुळे, आणि बांधातून आरपार नेलेल्या मोरीच्या नळाभोवतीची सैल माती ही त्यांची नेहमीची उगमस्थाने. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले पानशेतचे मातीचे धरण फुटून पुणे शहरात हाहाकार झाला. तेथेही धरणाच्या पोटातील नलिकेवरील भराव खचत गेला होता. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि पायथ्याच्या वाडीतील अनेकांचा बळी गेला. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये, इंदूरला लागून असलेल्या धार जिल्ह्यात, कारम नदीवरील बांधकामाधीन मातीच्या धरणातून गळती सुरू झाली. धार व खरगोन जिल्ह्यांतील १८ गावे रिकामी करण्यात आली आणि बाजूने चर खोदून पाणी सोडल्यानंतर संकट टळले.

ही धरणे वनतळ्याहून कितीतरी मोठी होती. तरीही धडा तोच आहे. १२ हजार घनमीटर पाणी म्हणजे १२ हजार टन वजन. ते अरुंद ओढ्यातून एकदम सुटले, तर ओढ्याकाठच्या चार घरांसाठी तो महापूरच असतो.

तळ्यात वस्ती कशी होते

वन्यजीवांसाठी तळ्याचा काठ त्याच्या खोलीइतकाच महत्त्वाचा असतो. उभ्या कडांचे तळे जनावरांसाठी सापळा ठरते. तहानलेले पिल्लू आत उतरते आणि त्याला वर चढता येत नाही. म्हणून किमान एका बाजूला सौम्य उतार, कुठे गुडघाभर तर कुठे पुरुषभर पाणी, आणि जमल्यास मध्ये एखादे बेट ठेवतात. उथळ पाण्यात बगळे, ढोकरी आणि शेकाट्या चरतात. खोल पाण्यात टिबुकली आणि पाणकावळा बुड्या मारतात. बेटावर पक्ष्यांना कुत्र्या-कोल्ह्यांपासून सुरक्षित विसावा मिळतो. पाणी ओसरताना उघडा पडणारा चिखल हिवाळी पाहुण्यांचे खाद्यक्षेत्र बनतो.

पहिल्या पावसाळ्यातच चतुर आणि बेडूक येतात. त्यांच्या मागोमाग साप, खंड्या आणि बगळे येतात. काठावर लव्हाळे आणि गवत स्थिरावायला दोन-तीन वर्षे लागतात. या काळात मासे सोडण्याची घाई न केलेली बरी, कारण मासे बेडकांची अंडी आणि भैरी फस्त करतात. तिलापिया, आफ्रिकन मांगूर अथवा जलपर्णी यांसारख्या परक्या जाती एकदा शिरल्या की त्या काढणे जवळपास अशक्य होते. बांधाच्या उतारावर झाडे लावण्याचा उत्साहही आवरावा लागतो. झाडे काठाला शोभतात, बांधाला नव्हे.

पाणी देण्याचे दुष्परिणाम

प्रत्येक रानात जागोजागी पाणी असावे, हा विचार वाटतो तितका निर्दोष नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात विसाव्या शतकात शेकडो कूपनलिका खोदून कृत्रिम पाणवठे केले गेले. त्यामुळे कोरड्या भागात झेब्रे आणि विल्डबीस्ट पसरले, त्यांच्यामागे सिंह आले, आणि त्या भागातील दुर्मीळ रोन हरणांची संख्या झपाट्याने घटली. १९९० च्या दशकापासून तेथील व्यवस्थापनाने यातील अनेक पाणवठे बंद केले.

भारतातील रानांत धोके वेगळे आहेत. उन्हाळ्यात एकच तळे उरले की गुरे आणि वन्यप्राणी एकाच काठावर येतात आणि रोगांची देवाणघेवाण होते. शिकाऱ्यालाही प्राणी कुठे येणार ते कळते; पाण्यात विष कालविण्याचे प्रकार त्यातूनच घडतात. गावाला लागून तळे केले तर बिबट्यालाही गावाजवळच आमंत्रण मिळते. म्हणून वनतळे वस्तीपासून दूर, रानाच्या आतल्या भागात असावे. गुरांसाठी पाण्याची सोय वेगळी असावी. आणि जवळच नैसर्गिक डोह असेल तर नवे तळे करूच नये.

कायदा आणि जबाबदारी

अभयारण्यात पाण्याचा प्रवाह अडविणे, वळविणे अथवा वाढविणे यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. हेतू चांगला असला तरी ही अट सुटत नाही. अन्य वनक्षेत्रातही वनखात्याला वगळून बांध घालता येत नाही.

बांध उभा राहिल्यानंतर मात्र कायद्याची पकड सैल होते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ प्रामुख्याने १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधील काही धरणे विशिष्ट अटींनी त्यात येतात. चार-पाच मीटर उंचीचा वनतळ्याचा बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतो. पाणथळ जागांसंबंधीचे २०१७ चे नियम रामसर स्थळांना आणि अधिसूचित जागांना लागू होतात. सिंचन अथवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव त्यांच्या व्याख्येतूनच वगळले आहेत. परिणामी छोट्या बांधाची तपासणी करण्याचे बंधन कायद्याने बहुधा कोणावरच येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेने देशातील प्रत्येक जिल्ह्यात किमान ७५ तळ्यांचे उद्दिष्ट ठेवले. तळी वाढत असताना त्यांच्या राखणीचा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण बांधकामाला निधी मिळतो, डागडुजीला क्वचितच मिळतो.

राखणीचे काम तसे फार मोठे नाही. मे महिन्यात सांडवा मोकळा करणे, बांधावरील रोपटी मुळासकट उपटणे, बिळे खणून चिकण मातीने ठासणे आणि खचलेला माथा पुन्हा उंचीला आणणे एवढे पावसाआधी व्हावे. पावसाळ्यात तळे प्रथमच भरत असताना रोज, आणि पुढे प्रत्येक मोठ्या पावसानंतर, कोरड्या बाजूच्या पायथ्याशी फिरून पाझराचा रंग पाहावा. काही वर्षांनी उन्हाळ्यात गाळ काढावा. तो काढताना तळाचा चिकण थर खरवडला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

गोमंतकात पाऊस सुमारे तीन हजार मिलिमीटर, म्हणजे सिमरोलच्या तिप्पट. येथे तळे भरण्याची चिंता नाही. सांडव्याची आणि सच्छिद्र जांभ्यातून होणाऱ्या गळतीची आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असा बांध घालताना माळव्याची मापे जशीच्या तशी चालणार नाहीत : सांडवा कितीतरी रुंद लागेल आणि चिकण माती बहुधा दुरून आणावी लागेल. खाजन शेतीत बांधाची राखण हे गावकरीचे, म्हणजे एकत्रित जमातीचे, काम होते. बांध फुटला तर कोणाचे शेत बुडणार हे सर्वांना ठाऊक असे, म्हणून त्याची डागडुजी कोणी टाळीत नसे. वनतळ्याच्या पाण्यावर ज्यांचा हक्क आहे, त्या मुक्या जीवांना बांधाची डागडुजी करता येत नाही. ती कोण करणार, त्याचे नाव आणि त्यासाठीचा निधी हे दोन्ही बांधाची पहिली टोपली टाकण्यापूर्वीच कागदावर निश्चित असले पाहिजेत.